उलट टिपणीला जागा ठेवा
कॅनडाच्या प्रशासकीय सेवेच्या प्रमुखांना खुले पत्र

माननीय मायकेल साबिया,
क्लर्क ऑफ द प्रिव्ही कौन्सिल व मंत्रिमंडळाचे सचिव,
ओटावा



तुमच्या पदाचे नाव मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आमच्याकडे क्लर्क म्हणजे कारकून. नाना सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. तुम्ही पंतप्रधानांचे प्रशासकीय सल्लागार आणि साडेतीन लाख कर्मचाऱ्यांच्या सेवेचे प्रमुख आहात. दोन्ही पदांत अंतर फार मोठे आहे, पण काम मुळात एकच. वरच्या माणसाला नीट निर्णय घेता यावा म्हणून खरी हकीकत त्याच्यापुढे कागदावर मांडायची.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण सरकारी कचेरी म्हणजे काय हे मी या भाषेत शिकले. शिवाय आज कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली तुमच्या सेवेत आहेत. आमचे पासपोर्ट, नागरिकत्वाचे अर्ज, कराचे परतावे, म्हाताऱ्या आईवडिलांचे निवृत्तिवेतन हे सगळे तुमच्या खात्यांच्या टेबलांवरून जाते. जे बोलायचे ते या सगळ्यांच्या देखत बोलावे, असे मला वाटले.

४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने तुमच्यावर एक आकडा सोपवला आहे. सुमारे ३,६८,००० वर गेलेली केंद्रीय कर्मचाऱ्यांची संख्या २०२८-२९ अखेर ३,३०,००० च्या आसपास आणायची. त्याआधी जुलैमध्येच बहुतेक खात्यांकडे तीन वर्षांत चालू खर्च १५ टक्क्यांनी कमी करण्याचे आराखडे मागितले होते. त्यामुळे ओटावातल्या आमच्या मराठी घरांत २०२५ च्या दिवाळीत फराळाला बसलेली तरुण मुले हळू आवाजात एकच प्रश्न एकमेकांना विचारत होती, "तुमच्या खात्याचं काय ठरलंय?"

कपातच नको, असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये ही सेवा सुमारे २,५७,००० लोकांची होती. नऊ वर्षांत ती ४० टक्क्यांहून अधिक वाढली. तेवढ्या प्रमाणात आपले काम सोपे झाले, असे कोणताही नागरिक सांगणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पासपोर्टसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, ते याच वाढलेल्या सेवेच्या दारात. बदल व्हायलाच हवा. पण माणसे कमी केली की सुधारणा झाली, असे समजून हा देश एकदा मोठ्या खड्ड्यात पडला आहे. त्या खड्ड्याचे नाव फिनिक्स. त्या प्रकरणातला एक धडा मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

२००९ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची व्यवस्था बदलायचे ठरवले. जुनी संगणकप्रणाली खरोखरच थकली होती. फिनिक्स नावाची नवी प्रणाली आणायची, ४६ खात्यांचे पगाराचे काम न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिची या गावी एकाच केंद्रात न्यायचे आणि त्यातून वर्षाला सुमारे सात कोटी डॉलर वाचवायचे, अशी योजना होती. मिरामिची निवडण्यामागे कारण होते: तिथले बंदूक-नोंदणीचे कार्यालय बंद होणार होते आणि गावाला रोजगार द्यायचा होता. खात्याखात्यांत पगार सल्लागारांची सुमारे १,२०० पदे होती. ती रद्द झाली आणि त्यांच्या जागी मिरामिचीत साधारण ५५० माणसे नेमली गेली. बहुतेक नवखी. अनुभवी लोक ओटावातली घरेदारे सोडून तिकडे जाणार नव्हते, आणि फारसे कोणी गेलेही नाही.

पगार सल्लागार हे पद कागदावर लहान दिसते. पण कोण बाळंतपणाच्या रजेवर आहे, कोणाची बढती मागच्या तारखेपासून लागू झाली आहे, कोण तीन महिने दुसऱ्याच्या जागेवर काम करते आहे, हे सगळे त्या सल्लागार बाईच्या वहीत आणि डोक्यात असायचे. प्रणाली काय चुकते आणि ती चूक हाताने कशी दुरुस्त करायची, हेही तिलाच ठाऊक. ही माणसे गेली तेव्हा त्यांच्याबरोबर हे ज्ञानही गेले. बचतीच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

२०१२ मध्ये प्रणाली उभारणाऱ्या आयबीएम कंपनीने सांगितले, की प्रणाली उभारायला २७.४ कोटी डॉलर लागतील. मंजूर रक्कम होती १५.५ कोटी. अशा वेळी खर्चाला मंजुरी देणाऱ्या ट्रेझरी बोर्डाकडे परत जाऊन "पैसे पुरत नाहीत" हे वाक्य बोलायला हवे होते. प्रकल्प चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते बोलण्याऐवजी प्रणालीच कापली. मागच्या तारखेपासूनच्या पगाराचा हिशेब करण्यासारखी महत्त्वाची कामे तिच्यातून काढली, वेळ कमी केला, माणसे कमी केली. एका खात्यात आधी वापरून पाहायचे ठरले होते, तो प्रयोगही रद्द केला. अनेक खात्यांनी गंभीर शंका मांडल्या. त्यांतल्या बऱ्याच शंका वरपर्यंत पोचल्या नाहीत, आणि ज्या पोचल्या त्यांनी कोणी थांबले नाही.

२४ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रणाली सुरू झाली आणि एप्रिलमध्ये दुसरा टप्पा आला. १०१ खात्यांतले आणि संस्थांतले सुमारे २,९०,००० लोक तिच्या हाती गेले. कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला अजिबात नाही. जून २०१७ अखेर दीड लाख कर्मचाऱ्यांच्या पगाराची जवळजवळ पाच लाख प्रकरणे तुंबली होती आणि चुकांची रक्कम ५२ कोटी डॉलरच्या वर गेली होती. वर्षाला सात कोटी वाचवणारी ही योजना २०२३ पर्यंत २२० कोटी डॉलर खाईल, असा अंदाज सिनेटच्या समितीने २०१८ मध्ये दिला.

साबियासाहेब, हे आकडे तुम्हाला पाठ असतील. मी ते मराठी वाचकांसाठी पुन्हा मांडले, कारण यापुढची गोष्ट त्यांना लगेच ओळखीची वाटेल.

१९७२ चा दुष्काळ. आमच्या भागात ठिकठिकाणी खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे निघाली होती. मजुरी दर आठवड्याला कामावरच वाटली जायची. नव्याने आलेल्या साहेबांनी ठरवले, की पाच कामांचे वाटप एकाच दिवशी, एकाच जागी करावे. माणसे कमी लागतील, हिशेब एका हाताने होईल. हेतू चांगलाच होता. नानांनी फाइलवर टिपणी लिहिली. लांबच्या कामांवरच्या बायकांना दहा-दहा मैल चालत यावे लागेल, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडेल, आणि ज्याने मस्टर भरले तो हजेरी कारकून समोर नसल्यामुळे हजेरीचे वाद तिथल्या तिथे मिटणार नाहीत. शेवटी नेहमीचे शब्द, "आदेशार्थ सादर". साहेबांनी त्याखाली शेरा मारला, "चर्चा करावी". चर्चा झाली आणि वाटप कामावरच राहिले.

नाना ही गोष्ट सांगत तेव्हा स्वतःचे कौतुक कधी करत नसत. ते साहेबांचे नाव आदराने घेत आणि म्हणत, "टिपणी कुणीही लिहील गं. ती वाचणारा साहेब पाहिजे."

मिरामिचीच्या योजनेला अशा एका टिपणीची गरज होती. ती लिहू शकणारी माणसे सेवेत होती. प्रत्येक खात्याच्या पगार विभागात बसलेल्या बाईला हे चालणार नाही हे दिसत होते. पण तिचे म्हणणे उपमंत्र्याच्या, म्हणजे खात्याच्या प्रशासकीय प्रमुखाच्या, टेबलापर्यंत जाईल अशी वाट नव्हती.

महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ च्या अहवालात फिनिक्सला अनाकलनीय अपयश म्हटले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. हे अपयश एका प्रणालीचे नसून सेवेच्या संस्कृतीचे आहे, ही सेवा आज्ञाधारक झाली आहे आणि कटू सत्य वर सांगायला ती घाबरते, असे त्यांनी लिहिले. तुमच्या पदावर तेव्हा मायकेल वर्निक होते. संसदेच्या समितीपुढे त्यांनी या निष्कर्षाशी असहमती नोंदवली आणि ते एक वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. फर्ग्युसन पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. त्या दोघांतला तो वाद कधी पुरा झालाच नाही. मला वाटते, तो पुरा करण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.

माझा कौल फर्ग्युसन यांच्या बाजूने आहे. त्यामागे तुमच्याच देशातल्या अभ्यासकाचे काम आहे. डोनाल्ड सव्हॉय यांनी १९९९ मध्ये "गव्हर्निंग फ्रॉम द सेंटर" या पुस्तकात दाखवून दिले, की १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ओटावातली सत्ता पंतप्रधानांचे कार्यालय, तुमचे कार्यालय, वित्त खाते आणि ट्रेझरी बोर्डाचे सचिवालय यांच्याकडे एकवटत गेली. त्यानंतर पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, पण प्रवाह उलटा फिरला नाही. निर्णय जसजसा मध्याकडे सरकतो, तसतसा खिडकीवरच्या माणसाचा आवाज लहान होतो. मधल्या प्रत्येक पायरीवर वाईट बातमीला थोडी साखर लागते, आणि सर्वांत वर पोचेपर्यंत ती गोड होऊन जाते.

तुमच्या सेवेत एक जुने ब्रीद आहे: सल्ला निर्भयपणे द्यावा आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेने अमलात आणावा. भारतातही प्रशासनाची घडी बसत होती त्या वेळी याच मुद्द्यावर मोठी चर्चा झाली. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सरदार पटेलांनी सांगितले, की माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो आणि ती मोकळीक मी माझ्या सगळ्या सचिवांना दिली आहे. मंत्री नाराज होईल या भीतीने प्रामाणिक मत न देणाऱ्याने निघून जावे, असेही त्यांनी बजावले होते. पुढच्या काळात आमच्याकडे ही परंपरा किती टिकली, हे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. उलट टिपणी लिहिणाऱ्याची बदली झाल्याच्या गोष्टी आमच्या प्रत्येक तालुक्यात सापडतात. म्हणूनच मी हे कळकळीने सांगते आहे. ही परंपरा एकदा मोडली, की ती परत उभी करायला पिढ्या जातात.

आता कपातीकडे येते. १९९५ मध्ये पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांच्या सरकारने आणि अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी तीन वर्षांत ४५,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले होते. त्या कपातीने पुष्कळ घरे दुखावली. तरी तिच्या मुळाशी एक विचार होता. मंत्री मार्सेल मासे यांच्या देखरेखीखाली प्रत्येक कार्यक्रमाला सहा प्रश्न विचारले गेले. हे काम अजूनही लोकहिताचे आहे का? ते सरकारनेच करायला हवे का? केंद्राने करावे की प्रांताने? कोणाच्या भागीदारीत करता येईल का? करायचेच तर अधिक काटकसरीने कसे? आणि एवढे करूनही ते परवडेल का? माणसांची संख्या सर्वांत शेवटी आली, कामाचा विचार आधी झाला.

आताचे १५ टक्के हे बहुतेक खात्यांना सारखे दिलेले माप दिसते. सरसकट माप लावले, की खाते सोपी वाट धरते. ज्यांची मुदत संपते आहे त्यांना मुदतवाढ देत नाही आणि निवृत्त होणाऱ्याची जागा भरत नाही. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षात सेवेतले सुमारे दहा हजार लोक कमी झाले, त्यात मुदतीवरची तरुण मुले मोठ्या संख्येने होती. दुसऱ्या टोकाला लवकर निवृत्तीची सवलत घेऊन ज्येष्ठ माणसे जातील. नव्या विचाराचे गेले आणि जुन्या आठवणीचे गेले, तर मधे काय उरेल याचा हिशेब कोणी मांडला आहे का? काम तेच ठेवून माणसे कमी केली, तर ते काम बाहेरच्या सल्लागार कंपन्यांकडे जाते, आणि तिथे खर्च दिसेनासा होतो.

तो कसा दिसेनासा होतो, हे ॲराइव्हकॅनने दाखवले. कोविडच्या साथीच्या काळात सीमेवर येणाऱ्यांसाठी बनवलेले हे ॲप. फेब्रुवारी २०२४ मध्ये महालेखापरीक्षक कॅरेन होगन यांना त्याचा खर्च नक्की सांगता आला नाही. अंदाजे ५ कोटी ९५ लाख डॉलर, एवढेच त्या म्हणू शकल्या, कारण नोंदीच नीट ठेवलेल्या नव्हत्या. निर्णय कोणी घेतला, का घेतला, कंपनी कशी निवडली, याचे पुरेसे कागद नव्हते. ज्या देशाकडे इतके सुशिक्षित कर्मचारी आहेत, तिथे दप्तर लावलेले नसावे, याचे मला फार वाईट वाटले. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतल्या कारकुनांना सोबत घेऊन वर्षानुवर्षांचे गठ्ठे सोडवले, कागदांची वर्गवारी केली, लोकांना आपले काम कुठे अडले ते कळेल अशी कचेरी मांडली. त्याला पुढे महाराष्ट्रभर लखिना पॅटर्न म्हणू लागले. त्या सुधारणेला ना महागडा सल्लागार लागला, ना नवे ॲप. काम करणाऱ्यांना विचारले गेले, ही तिची ताकद होती.

तुमची सेवाही हे करू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साथीच्या पहिल्या महिन्यात, ६ एप्रिल २०२० रोजी, आपत्कालीन भत्त्याचे अर्ज सुरू झाले आणि काही दिवसांत लोकांच्या खात्यात पैसे जमा होऊ लागले. ऐंशी लाखांहून अधिक लोकांना त्याचा आधार मिळाला. चुका झाल्या, काही वसुली पुढे करावी लागली. पण त्या दिवसांत कोणीही चूक होईल या भीतीने हात आखडला नाही. आणि पासपोर्टच्या त्या रांगांनंतर १ एप्रिल २०२५ पासून सरकारने शब्द दिला, की कामकाजाच्या ३० दिवसांत पासपोर्ट तयार झाला नाही तर शुल्क परत. असा शब्द देणारी कचेरी स्वतःच्या कामाकडे नागरिकाच्या बाजूने पाहू लागते.

म्हणून तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली. टक्का लावण्याआधी प्रत्येक खात्याकडून लेखी मागा, की उद्यापासून ते कोणते काम करणार नाही. ते काम सोडल्याने कोणाला काय सोसावे लागेल, हेही त्याच कागदावर असू द्या आणि तो कागद लोकांसमोर ठेवा. काम न सोडता माणसे कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर तो परत पाठवा.

दुसरी. फिनिक्सच्या जागी आता डेफोर्स ही नवी प्रणाली निवडली आहे. जुन्या प्रणालीच्या चुका हाताने सांभाळणारी माणसे, मिरामिचीतलीही, नवी प्रणाली प्रत्यक्ष पगार बिनचूक देऊ लागेपर्यंत एकही कमी करू नका. एका लहान खात्यात पूर्ण वर्षभर चालवून पाहा, आणि तो प्रयोग कोणत्याही घाईत रद्द होणार नाही असे आधीच जाहीर करा. मिरामिचीच्या लोकांनी गेली दहा वर्षे इतरांच्या चुकांसाठी शिव्या खाल्ल्या आहेत. त्यांना विचारा. सर्वांत जास्त माहिती त्यांच्याकडे आहे.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या फाइलवर उलट टिपणीची जागा ठेवा. ज्या कर्मचाऱ्याला वाटते की हे चालणार नाही, त्याला ते कारणांसह लिहिता यावे, मधल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ते खोडता येऊ नये, आणि त्यावर उपमंत्र्याने स्वतःच्या हाताने उत्तर लिहावे. सहमत नसेल तर का नाही, ते लिहावे. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा तुमच्याकडे २००७ पासून लागू आहे. पण तो गैरप्रकारांपुरताच कामाला येतो. फिनिक्समध्ये कोणी पैसे खाल्ले नव्हते. तिथे खरे बोलायला जागा नव्हती, आणि त्या दुखण्यावर तो कायदा औषध नाही. महाराष्ट्राने २००५ च्या दफ्तर दिरंगाईविरुद्धच्या कायद्यात एकाही टेबलावर फाइल एरवी कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये असे बजावले. कायद्याने फाइल हलवता येते. फाइलवर खरे लिहिण्याचे धैर्य मात्र वरच्या माणसाच्या वागण्यातूनच खाली झिरपते.

तुम्ही दर वर्षी पंतप्रधानांना सेवेच्या स्थितीचा अहवाल देता. येत्या वर्षांत त्यात कर्मचाऱ्यांची संख्या किती कमी झाली हे असेल, आणि वर्तमानपत्रे तोच आकडा छापतील. माझी विनंती आहे, की त्याच्या शेजारी दुसरा आकडा द्या. वर्षभरात किती उलट टिपण्या आल्या आणि त्यांपैकी किती वाचून निर्णय बदलला, तो आकडा. पहिल्या वर्षी तो शून्य आला तरी छापा. तुम्ही तो मोजता आहात, हे खिडकीवरच्या माणसाला एकदा कळले, की दुसऱ्या वर्षी तो शून्य राहणार नाही.



आपली नम्र,
ओटावातील एक मराठी नागरिक